लहान शहरात एलजीबीटी आधारगट कसा चालवावा: पहिल्या खुर्चीपासून रात्रीच्या फोनपर्यंत

आमचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिरजेत सकाळी अकरा ते एक भरतो. ही वेळ मानसशास्त्राचं पुस्तक वाचून ठरवलेली नाही. जत-आटपाडीहून येणाऱ्यांना दुपारची एसटी धरून दिवेलागणीच्या आत घरी पोचता यावं आणि "कुठं होतास एवढा वेळ?" हा प्रश्न टळावा, एवढाच हिशेब. सुरुवातीला आम्ही शनिवारी संध्याकाळी सातला जमायचो, कारण पुण्या-मुंबईच्या मित्रांकडे तसं चालतं. सहा महिने आम्ही तिघंच एकमेकांची तोंडं बघत चहा प्यायलो.

मुंबईत एलजीबीटी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला, नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. या शहरांच्या मधे जो मोठा महाराष्ट्र पसरलाय, तिथल्या माणसाला मात्र बोलायला कुणी नसतं. तिथं दोघं-तिघं मिळून काही सुरू करू पाहत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी. यातलं बरंचसं आम्ही आधी चुकीचं करून मग शिकलो आहोत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं. ट्रान्स असणं, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, हेही जागतिक संघटनेच्या नव्या, २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मानसिक आजारांमध्ये धरलेलं नाही. हे तुम्हाला ठाऊक असेल, पण गटात दर दोन-तीन महिन्यांनी मोठ्यानं सांगावं लागतं. मान खाली घालून बसलेला एखादा तेवढ्यापुरती मान वर करतो.

मग आधार कशासाठी? इलन मायर या अमेरिकी संशोधकानं २००३ मध्ये अल्पसंख्याक ताणाची मांडणी केली. तिचा सोपा अर्थ असा: टोमणे, मारहाण, नकार यांचा त्रास होतोच, पण तो होईल या धास्तीत रोज लपून जगण्याचाही ताण असतो. शिवाय लोक म्हणतात ते खरंच असेल, आपल्यातच खोट असेल, असं माणूस आतून मानायला लागतो. ऑफिसात "लग्न कधी?" या प्रश्नाला तयार ठेवलेली दहा उत्तरं, मोबाइलची पालथी घातलेली स्क्रीन, बोलताना 'तो'चं 'ती' करणं, या सगळ्याला ताकद लागते. याच मांडणीतला दुसरा भाग कामाचा आहे: आपल्यासारख्यांची सोबत मिळाली की हा ताण सोसायला बळ येतं. म्हणजे आपलं काम उपचार करण्याचं नाही, सोबत उभी करण्याचं आहे.

पदवी नसलेली माणसं हे करू शकतात का? गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिकांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन करायला लावलं आणि त्याचा उपयोग होतो हे शास्त्रीय चाचण्यांतून दाखवलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पानं गावातल्याच माणसांना अशा कामासाठी तयार केलं. पण दोन्हीकडे त्यांना आधी नीट प्रशिक्षण होतं आणि मागं अनुभवी माणूस उभा होता. नुसत्या कळवळ्यावर हे काम रेटता येत नाही.

तिघं, एक खोली, एक जिना

किमान तिघं हवेत. एकट्यानं सुरू केलेला गट त्या एकाच्या बदलीबरोबर, लग्नाबरोबर किंवा तापाबरोबर बंद पडतो. तिघांत एक तरी स्त्री किंवा ट्रान्स व्यक्ती असू द्या, नाहीतर वर्षभरात तो फक्त गे पुरुषांचा कट्टा होतो. आमचा झाला होता.

खोली निवडताना भाडं नंतर बघा, आधी जिना बघा. आमची खोली कॉम्प्युटर क्लासच्या मजल्यावर आहे. तो जिना चढणारा माणूस एमएस-सीआयटीला निघालाय असंच खालचा पानवाला समजतो. एचआयव्हीचं काम करणाऱ्या संस्थेची जागा फुकट मिळत होती, पण बाहेर पाटी होती. पाटी असलेल्या दारातून आत शिरायला लहान गावात फार धैर्य लागतं. देवळाची धर्मशाळा, समाजमंदिर, कुणाच्या घरची माडी नको. घरमालकाला थोडक्यात खरं सांगा: "मानसिक आरोग्याचा गट आहे, माणसं येऊन बोलतात." यात खोटं काही नाही आणि पुढं भांडणही होत नाही.

नोंदणी, लेटरहेड, बोधचिन्ह यांच्या नादी पहिली दोन वर्षं लागू नका. चहा-बिस्किटं आणि खोलीभाडं तिघांत वाटून होतं. अध्यक्ष कोण यावरून जी भांडणं होतात, ती गट उभा राहिल्यावर झाली तर निदान गट तरी टिकतो.

दारात घेण्याआधी

नव्या माणसाला पत्ता लगेच द्यायचा नाही. आधी फोनवर वीसेक मिनिटं बोला, मग स्टँडजवळ चहाला भेटा, मग पुढच्या रविवारी बोलवा. यामागं दोन कारणं आहेत. डेटिंग अ‍ॅपवर माणसं हेरून लुबाडणाऱ्या टोळ्या लहान शहरांतही पोचल्यात, त्यांना आपल्या लोकांची यादी ताटात वाढून द्यायची नाही. आणि येणाऱ्यालाही आधी एक चेहरा ओळखीचा झाला की जिना चढणं सोपं जातं.

वय अठरा पूर्ण हवं, यात सूट नाही. सोळा वर्षांचा मुलगा रडत फोन करतो तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. त्याचं ऐकून घ्या, चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर द्या, शाळेतली विश्वासाची बाई किंवा सर कोण ते विचारा. पण बैठकीत घेऊ नका. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं ती माहिती पोलिसांना देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि हे त्याला बोलणं सुरू होतानाच सांगा, नंतर नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. आम्ही केला होता. कुणाच्या तरी मावसभावानं त्याचा फोन हातात घेतला, यादीतला एक नंबर ओळखीचा निघाला, आणि त्या नंबरवाल्याला चार महिने गाव सोडून राहावं लागलं. आता आम्ही ब्रॉडकास्ट यादी वापरतो. प्रत्येकाला निरोप स्वतंत्र जातो, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. निरोपही साधा: "रविवारी क्लास आहे, ११ वाजता." हजेरीपट नाही, फोटो नाही, आडनावं नाहीत. आडनाव टाळण्यात लपवाछपवीपेक्षा मोठं कारण आहे: आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते आणि खोलीतली बसण्याची रचना न सांगता बदलते.

पहिली दहा मिनिटं

नियम दर वेळी तोंडी सांगायचे, सगळे जुने असले तरी. इथलं बोलणं इथंच. फोन बंद करून खिशात. सांगायचं ते नाव सांगा, ते खरंच असलं पाहिजे असं नाही. मागितल्याशिवाय सल्ला नाही. कुणाच्या चालण्या-बोलण्यावर, जातीवर, अंगावर विनोद नाही. 'बायकी' म्हणून हिणवणं आपल्यातच फार आहे, बाहेरच्यांपेक्षा कमी नाही. बाहेर रस्त्यात भेट झाली तर समोरच्यानं आधी ओळख दाखवली तरच दाखवायची, कारण त्याच्या शेजारी त्याची आई असू शकते.

आणखी एक नियम आम्ही लाजत लाजत उशिरा केला: गट चालवणाऱ्यानं आधार घ्यायला आलेल्याशी जुळवायचं नाही. आलेल्यांचं आपापसांत जमलं तर त्यांची मर्जी. पण जो ऐकून घेतो त्याच्या हातात समोरच्याचं सगळं असतं. अशा नात्यात बरोबरी राहत नाही.

त्यानंतर एक फेरी: हा महिना कसा गेला, दोन वाक्यांत. "पास" म्हणायची मुभा आहे. एक जण सलग पाच महिने "पास" म्हणत होता आणि सहाव्या महिन्यात पाऊण तास बोलला.

ऐकायचं म्हणजे काय करायचं

उदाहरण घेऊ. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा म्हणतो, "घरात स्थळं बघायला लागलेत. पुढच्या महिन्यात कांदेपोहे." आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा विषय हाच.

तुमच्या तोंडावर येईल: "नाही म्हणून टाक की सरळ." किंवा "मी पण असाच अडकलो होतो, ऐक..." दोन्ही गिळा. आधी त्यानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत परत द्या: "पुढच्याच महिन्यात. म्हणजे वेळ फार कमी उरलाय असं वाटतंय." मग गप्प बसा. ही शांतता नवख्या कार्यकर्त्याला खायला उठते, पण खरी गोष्ट बहुतेक वेळा तिच्यानंतरच येते. त्या मुलाच्या बाबतीत ती अशी होती की वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि आपण काही बोललो तर त्यांचं बरंवाईट होईल ही भीती त्याला रात्रभर झोपू देत नव्हती. प्रश्न लग्नाचा वाटत होता, निघाला अपराधीपणाचा.

भीतीला नाव मिळालं की पुढचं काम कागदावर येतं. आज हातात काय आहे? नोकरीचं कारण देऊन सहा महिने मिळतील का? घरात एक तरी माणूस, आत्या, वहिनी, चुलतभाऊ, असा आहे का ज्याला आधी सांगता येईल? एका बैठकीत एकच छोटं पाऊल ठरवा, पुढच्या वेळी त्याबद्दल विचारा. नैराश्यात माणूस आधी एकेक गोष्ट सोडत जातो: सकाळचं फिरणं, गाणं, दाढी, मित्र. म्हणून "मन खंबीर कर" यापेक्षा "बुधवारी तालमीकडं चक्कर मारून ये आणि मला मेसेज कर" हे जास्त उपयोगी पडतं.

"करून टाक लग्न, नंतर बघू" असा सल्ला मात्र मी गटात चालू देत नाही. न सांगता केलेल्या लग्नात दुसऱ्या बाजूला एक मुलगी असते आणि ती आपल्या खोलीत बोलायला आलेली नसते. इथं मी तटस्थ नाही.

घरी सांगावं का, हा निर्णय फक्त ज्याचा त्याचा. शहरी कार्यकर्ते उत्साहात "सांगून मोकळा हो" म्हणतात. सांगण्याआधी दोन आठवडे राहायला जागा, हातात थोडे पैसे, आधार कार्ड आणि मार्कशीट स्वतःजवळ, नंतर फोन करायला एक माणूस, एवढं आहे का ते विचारा. नसेल तर थांबणं यात भित्रेपणा नाही. सांगून झालं असेल आणि आई-वडील गोंधळले असतील, तर त्यांना दुसऱ्या आई-वडिलांशी बोलायला लावा. मुंबईत सुरू झालेला 'स्वीकार' हा पालकांचा गट हेच काम करतो. मी चार तास समजावलेलं एका आईला पटलं नाही, दुसऱ्या आईच्या एका फोननं पटायला सुरुवात झाली.

जे येत नाहीत त्यांच्याकडे जा

लेस्बियन आणि बायसेक्शुअल मुली बैठकीला कमी येतात, कारण त्यांना रविवारी घराबाहेर पडायला कारण नसतं. आमची एक सहकारी मंगळवारी दुपारी दोन ते चार फोनवर असते. त्या वेळेला घर झोपलेलं असतं, सून किंवा मुलगी गच्चीवर कपडे काढायला जाऊन बोलू शकते. या दोन तासांत जेवढं काम होतं तेवढं कित्येक रविवारी होत नाही.

हिजडा आणि जोगता समाजातली माणसंही वर येत नाहीत. त्यांचे गुरू-चेल्यांचे संबंध, त्यांची घरं, मागायला जाण्याचे दिवस वेगळे. गुरूला न विचारता चेल्याला बोलावलंत तर भांडण त्या चेल्याच्या अंगावर येतं. आधी गुरूकडे जा, बसा, चहा घ्या, सरकारी दवाखान्यात त्रास होतो का ते विचारा. तिथं मानसिक आरोग्य हा शब्द उपयोगाचा नाही. झोप, दारू, छातीत धडधड, यांवरून बोलणं निघतं. ट्रान्स व्यक्तींच्या ओळखपत्राचे नियम आणि अर्ज यांत बदल होत असतात, म्हणून कुणाला सांगण्याआधी चालू नियम समाजकल्याण कार्यालयातून विचारून घ्या.

डॉक्टरांची यादी: स्वतः जाऊन केलेली

गटाचा सगळ्यात मौल्यवान कागद म्हणजे डॉक्टर आणि समुपदेशकांची यादी. ती इंटरनेटवरून उतरवायची नसते. आमच्याकडच्या एका मुलाला मी नुसत्या नावलौकिकावर एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि "लग्न करा, सवय होईल" असं सांगितलं. तो मुलगा परत आमच्याकडेही आला नाही.

आता आधी आमच्यातलं कुणीतरी फी भरून जातं आणि तीन प्रश्न विचारतं. हे बदलता येईल का, असं पेशंटच्या घरच्यांनी विचारलं तर तुम्ही काय सांगता? पेशंट सज्ञान असताना वडिलांनी फोन केला तर काय सांगता? याआधी अशा व्यक्तींसोबत काम केलंय का? पहिल्याचं उत्तर "प्रयत्न करून बघू" आलं की नाव खोडायचं. तिसऱ्याचं उत्तर "नाही, पण शिकायची तयारी आहे" आलं तर नाव ठेवायचं. अशांना मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेच्या क्वीअर-स्नेही, म्हणजे एलजीबीटी माणसांना आहे तसं स्वीकारणाऱ्या, समुपदेशनाच्या प्रशिक्षणाबद्दल सांगा.

बदलण्याचे 'उपचार' करणाऱ्यांविरुद्ध बोलायला आता आधार आहे. मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात अशा उपचारांना मनाई करायला सांगितलं. विशेष म्हणजे हा विषय आपल्याला कळत नाही असं मान्य करून त्यांनी स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला होता. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या परिषदांना कळवलं. म्हणजे डॉक्टरांनी असं केलं तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. भोंदूबाबाला हे लागू नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

यादीत सरकारी जागाही हवी, कारण खासगी फी सगळ्यांना परवडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करता सेवा मिळण्याचा हक्क लिहिला आहे, कलम २३ मध्ये गोपनीयतेचा. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांत माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असं कलम ३ सांगतं.

फारशी कुणाला माहीत नसलेली सोय कलम १४ मध्ये आहे. कुणीही सज्ञान माणूस आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' निवडू शकतो. साध्या कागदावर लिहून सही करायची, त्या प्रतिनिधीची लेखी संमती घ्यायची, आणि तो नातेवाईकच हवा असं बंधन नाही. उद्या मानसिक आजारात रुग्णालयात जायची वेळ आली तर ज्या भावानं मारलं तोच निर्णय घ्यायला पुढं येऊ नये म्हणून जोडीदाराचं किंवा मित्राचं नाव आधीच लिहून ठेवता येतं. आम्ही वर्षातून एक बैठक यालाच देतो. कागद, पेन, आणि ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं.

रात्रीचा फोन

कुणी "आता नको वाटतं सगळं", "तुम्हाला शेवटचं सांगतो" असं म्हणालं तर आडवळणानं जाऊ नका. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस बोलू लागतो. हो म्हणाला तर कसं, कधी, काही जवळ ठेवलंय का, ते विचारा. जेवढी तयारी पक्की, तेवढा धोका जवळ. त्याला एकटं ठेवायचं नाही. जवळचं कुणी तिथं पोचेपर्यंत फोन चालू ठेवायचा, धोक्याची वस्तू त्याच्यापासून लांब करायला सांगायची, ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाची मदत घ्यायची. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच साठवलेला हवा.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केसची भीती घालतात. २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की उलट सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. पॉक्सोची गोष्ट सोडली तर "इथलं इथंच" या नियमाला हा एकमेव अपवाद आहे: जिवाचा धोका असेल तर आम्ही दुसऱ्याला सांगणार. पहिल्या दिवशीच हे सांगितलेलं असेल तर पुढं विश्वासघात वाटत नाही.

दुसऱ्या प्रकारचा रात्रीचा फोन धमकीचा: "फोटो घरी पाठवतो, पैसे टाक." पैसे टाकायचे नाहीत, एकदा टाकले की मागणी वाढते. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, आणि पोलीस ठाण्यात एकट्याला पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, त्यामुळे तक्रार करणाराच अडकेल ही भीती निराधार आहे. मुलीला घरात कोंडलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कायदेशीर मदतीचा फोन १५१००. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्या आहेत आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न न्यायालयानं करू नये असं त्यांत स्पष्ट आहे.

ऐकणाऱ्याचं काय

दर बैठकीनंतर तिघांनी अर्धा तास मागं थांबायचं. कुणाचं नाव न घेता, आज आपल्याला काय जड गेलं, एवढंच बोलायचं. रात्री दहानंतर एकाच्याच फोनवर सगळे येत असतील तर पाळी लावा. महिन्यातून एकदा यादीतल्या एखाद्या समुपदेशकाशी आपल्या अडलेल्या गोष्टी बोला, फी गटातून द्या. आमचा एक चांगला साथी दुसऱ्या वर्षी निघून गेला. त्याला स्वतःलाच झोप लागत नव्हती आणि आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

बाकी बैठक चुकवायची नाही, पाऊस असो, दिवाळी असो, कुणी येवो न येवो. मागच्या वर्षी एक जण पहिल्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, की आधीचे तीन महिने तो समोरच्या टपरीवर बसून नुसता जिना बघत होता. त्यातल्याच जुलैतल्या रविवारी कुणी येणार नाही म्हणून आम्ही बारा वाजताच कुलूप लावलं होतं. तो सव्वाबाराला आला होता.